समजण्यासाठी शब्द, दाखवण्यासाठी शब्द

१६०४ साली लंडनमध्ये ‘टेबल अल्फाबेटिकल’ नावाचे एक लहानसे पुस्तक निघाले. रॉबर्ट कॉड्री हा त्याचा कर्ता. इंग्रजीतला पहिला एकभाषी कोश असा मान आज या पुस्तकाला मिळतो; त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकुलती एक प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवली आहे. कोश म्हटला की भाषेतले सगळे शब्द त्यात यावेत अशी आपली समजूत असते. कॉड्रीच्या कोशात मात्र भाकरी, पाणी, घर, गाय यांसाठीचे इंग्रजी शब्द शोधून सापडणार नाहीत. त्यात जेमतेम अडीच हजार शब्द आहेत आणि ते सगळे ‘अवघड’ आहेत. म्हणजे लॅटिन, ग्रीक किंवा फ्रेंचमधून आलेले, पुस्तकांत दिसणारे आणि चुलीपाशी कधी न ऐकू येणारे. एक-दोन सोप्या शब्दांत प्रत्येकाचा अर्थ दिला की काम संपले. इंग्रजीची कोशरचना अशी भाषेची नोंद घेण्यासाठी सुरूच झाली नाही. ती सुरू झाली आज ज्याला आपण ‘व्होकॅब्युलरी वाढवणे’ म्हणतो त्या गरजेतून. गेल्या चारशे वर्षांत या गरजेवर एक मोठा धंदा उभा राहिला. त्या धंद्याच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते: शब्दांची यादी तयार होते ती लोकांना वाचलेले कळावे म्हणून, आणि थोड्याच काळात ती वापरली जाते ती लोकांनी आपली विद्वत्ता दाखवावी म्हणून. या घसरणीला शब्दांच्या अवघडपणापेक्षा शब्द तपासणारी मंडळी जास्त कारणीभूत आहेत, असे मला वाटते.

मुळात अवघड शब्दांची यादी करायची वेळ इंग्रजीवर का आली? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, कायदा व सरदारांच्या पंगतीत फ्रेंच शब्द शिरले. हा पहिला थर. सोळाव्या शतकात छापखाने वाढले, जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे निघू लागली आणि भाषांतरकारांना जिथे इंग्रजी शब्द सापडेना तिथे त्यांनी लॅटिन शब्दाला इंग्रजी शेपूट जोडून तो वापरात आणला. लॅटिन येत होते त्यांना यात काहीच अडचण नव्हती. पण लॅटिन शिकवले जाई ते ग्रामर स्कूलमध्ये, आणि तिथे मुलगेच जात, तेही सगळे नव्हेत. त्यामुळे एकाच भाषेत दोन मजले तयार झाले. खालच्या मजल्यावर सगळे राहत. वरच्या मजल्याचा जिना शाळेतून जात असे. हे सर्वांना मान्य होते असे नाही. शिंगाच्या दौतीत बोरू बुडवून लिहिणाऱ्या पंडितांच्या या शब्दांना विरोधकांनी ‘इंकहॉर्न टर्म्स’ म्हणून हिणवले. टॉमस विल्सनने १५५३ च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात असल्या शब्दांनी ठासून भरलेले एक विनोदी पत्रच रचून छापले. चर्चमधली एक जागा आपल्याला मिळावी म्हणून कोणी एक लिंकनशरचा माणूस ते लिहितो आहे, अशी कल्पना आहे. अर्ज नोकरीचा आणि भाषा जडजंबाल, हे नाते तेव्हाही इतके ओळखीचे होते की त्यावर विनोद करता येत होता! जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीकचा पंडित. त्याने तर मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर शक्य तितके अस्सल इंग्रजी शब्द वापरून करायला घेतले आणि ‘सेंच्युरियन’च्या जागी ‘हंड्रेडर’ असा शब्द घडवला. तो कोणीही वापरला नाही.

कॉड्री या वादात कुठे उभा होता हे पाहण्यासारखे आहे. तो रटलंड परगण्यातला धर्मोपदेशक, प्युरिटन वळणाचा. चर्चच्या ठरीव उपासनापद्धतीला न जुमानल्यामुळे त्याची जागा गेली होती. पूर्वी त्याने शिक्षकी केली होती आणि कोशाच्या कामात त्याचा शिक्षक मुलगा टॉमस त्याच्याबरोबर होता. प्रवचन हा प्युरिटनांच्या धर्माचा कणा. बायबल इंग्रजीत आले, प्रवचने इंग्रजीत होऊ लागली, पण प्रवचनकार विद्यापीठातून शिकून आलेला, आणि समोर बसलेल्या बायकांना त्याचे निम्मे शब्द कळत नाहीत, ही कॉड्रीची खरी अडचण होती. आपले पुस्तक स्त्रियांसाठी आणि इतर अशिक्षितांसाठी आहे, धर्मग्रंथांत व प्रवचनांत कानावर पडणारे शब्द त्यांना समजावेत यासाठी आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच छापले. (या ‘अशिक्षितां’त स्त्रियांना सरसकट बसवणे त्या काळाला धरूनच होते.) प्रस्तावनेत तर त्याने विल्सनचा मजकूर बराचसा जसाच्या तसा उचलून पंडिती शब्दांवर झोड उठवली आहे. अवघड शब्द शिकवणारे पुस्तक अवघड शब्दांना शिव्या देत सुरू होते, हे वरवर विसंगत वाटेल. पण त्याची भूमिका तर्कशुद्ध होती: हे शब्द तुमच्यावर फेकले जाणारच आहेत, तेव्हा ते ओळखा, स्वतः बोलताना साधे बोला. अक्षरक्रमाने मांडलेल्या यादीत शब्द कसा शोधायचा हेही त्याने वाचकाला समजावून सांगितले आहे. ज्यांनी आयुष्यात कधी कोश उघडला नव्हता अशांसाठी तो लिहीत होता.

पुढे एकोणीसच वर्षांनी, १६२३ मध्ये, हेन्री कॉकेरमचा ‘इंग्लिश डिक्शनरी’ आला. त्याच्या मुखपृष्ठावर ग्राहकांची यादी लांबलेली दिसते. स्त्रिया आहेतच, शिवाय तरुण विद्यार्थी, कारकून, व्यापारी आणि परदेशी लोक. उद्दिष्टेही दोन झाली आहेत. अवघड लेखक समजणे हे एक, आणि वाचताना, बोलताना, लिहिताना भारदस्त इंग्रजी लवकर साधणे हे दुसरे. या ‘लवकर’ शब्दात पुढच्या चारशे वर्षांची जाहिरात दडलेली आहे. पुस्तकाचा पहिला भाग कॉड्रीसारखाच, अवघड शब्दाचा सोपा अर्थ देणारा. दुसरा भाग मात्र उलटा: तिथे साधा शब्द आधी दिला आहे आणि त्याच्यासमोर त्याच्या जागी वापरायचा भपकेदार शब्द. म्हणजे कारकुनाने आधी आपले पत्र साध्या इंग्रजीत लिहावे, मग एकेक शब्द काढून त्या जागी कॉकेरमचा शब्द बसवावा; लग्नापुरता शेजारणीचा शालू मागून आणावा तसे. हे शब्द आले कुठून हा प्रश्न तर आणखी मजेचा. त्यांतले पुष्कळसे लॅटिन कोशातून उचलून त्यांना इंग्रजी प्रत्यय लावलेले होते. घोड्यावर बसून निघून जाणे यासाठी त्याने ‘अबेक्विटेट’ हे क्रियापद दिले आहे. हे क्रियापद वापरून कोणी इंग्रज कधी घोड्यावरून गेला असेल असे वाटत नाही. समजून घेण्यासाठी यादी करायची तर तिला पुस्तकांत आणि प्रवचनांत खरोखर भेटणाऱ्या शब्दांची मर्यादा पडते. दाखवण्यासाठी यादी करायची ठरली की ती मर्यादा सुटते; तिथे शब्द अस्तित्वात असण्याचीसुद्धा गरज उरत नाही.

सगळेच कोशकार कॉकेरमच्या वाटेने गेले नाहीत. टॉमस ब्लाउंट हा कायदा शिकलेला गृहस्थ. लॅटिन-फ्रेंच येत असूनही इंग्रजी पुस्तके वाचताना आपण अडतो, हे त्याने कबूल केले आणि १६५६ मध्ये अकरा हजारांच्या आसपास शब्दांचा कोश दिला. त्यात दुकानदारांचे, आचाऱ्यांचे, शिंप्यांचे परदेशी शब्दही आहेत, कारण तेही त्याला अडवत होते. दोनच वर्षांनी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने बराचसा तोच माल नव्या नावाने बाजारात आणला. चिडलेल्या ब्लाउंटने पुढे त्याच्या चुकांचीच एक पुस्तिका काढली. १७०२ मध्ये जॉन कर्सीच्या कोशात रोजचे साधे शब्द मोठ्या संख्येने आले, १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा थोर कोश आला आणि कोशरचनेने ‘अवघड शब्दां’चा बाजार मागे टाकला. बाजार मात्र बंद पडला नाही. १७७५ मध्ये शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ नाटकात मिसेस मॅलाप्रॉप रंगमंचावर आली. भारी शब्द चुकीच्या जागी वापरणाऱ्या या बाईला पाहून लंडनचे प्रेक्षक हसून लोटपोट झाले. ती ज्या सभ्य वर्तुळात वावरते तिथे शब्दांवरून माणसाची पायरी ठरते, एवढे तिने अचूक ओळखले होते. चुकली ती फक्त तपशिलात, आणि त्या तपशिलावर हसणारे बहुधा तिच्याहून फार वरच्या पायरीवर नसावेत.

इथे एक आक्षेप रास्त आहे. विल्सनने ज्या शब्दांची टिंगल केली त्यांतले ‘सेलिब्रेट’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘मंडेन’ आज कोणालाही खटकत नाहीत. म्हणजे आजचा दिखाऊ शब्द उद्याचा गरजेचा शब्द होतो. मग दाखवण्यासाठी शब्द वापरणाऱ्यांनीच भाषा समृद्ध केली असे का म्हणू नये? पण विल्सनच्या त्याच पत्रात ‘ऑब्टेस्टेट’ आणि ‘फॅटिगेट’ हेही आहेत, आणि ते मेले. कोणता शब्द जगला हे त्याच्या भारदस्तपणावरून ठरले नाही. लेखकांनी तो एखादी गोष्ट नेमकी सांगण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरला आणि वाचकांना तो संदर्भातून पुन्हा पुन्हा भेटला, म्हणून तो टिकला. कॉकेरमच्या यादीतून भाषेत रुजलेले शब्द शोधायला गेलो तर बहुतेक असे सापडतात की जे यादीशिवायही रुजले असते. भाषा समृद्ध होते ती शब्द आयात झाल्यामुळे, हे खरे. पण आयात करणारा लेखक आणि यादीवरून शब्द उचलणारा उमेदवार यांची कामे वेगळी आहेत.

विसाव्या शतकात हा बाजार अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला आणि तिथे त्याला पाय फुटले. सुरुवात पुन्हा समजण्यापासूनच झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १९२१ मध्ये शिक्षकांसाठी दहा हजार शब्दांची यादी छापली. बायबल, अभिजात साहित्य, शालेय पुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रे असा लाखो शब्दांचा मजकूर मोजून, कोणता शब्द किती वेळा भेटतो त्यावरून ती केलेली होती. मुलांना आधी कोणते शब्द शिकवावेत हे शिक्षकाला कळावे, एवढाच हेतू. त्याच सुमारास जॉन्सन ओ’कॉनर हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कामगारांच्या कलचाचण्या घेत होता. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांच्या शब्दसंग्रहाच्या चाचण्या घेतल्यावर त्याला कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी सर्वांत पुढे दिसले, आणि १९३४ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त शब्दसंग्रह आणि यश यांचे नाते सांगणारा त्याचा लेख आला. प्रकाशकांना आणखी काय हवे होते! १९४२ मध्ये विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुईस यांनी तीस दिवसांत शब्दसंग्रह वाढवून देणारे पुस्तक काढले, १९४५ पासून फंक ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये शब्दसामर्थ्य वाढवणे फायद्याचे असते असे शीर्षकातच बजावणारे सदर चालवू लागला, आणि १९४९ मध्ये लुईसचे ‘वर्ड पॉवर मेड इझी’ आले. कॉकेरमचा ‘लवकर’ आता दिवसांत मोजला जाऊ लागला. लुईसवर मात्र अन्याय नको. तो शब्द सुटे देत नाही. ग्रीक-लॅटिन मूळ धातू सांगतो, एका धातूतून निघणारे शब्दांचे कुटुंब उभे करतो, डॉक्टरांचे प्रकार किंवा खोटे बोलणाऱ्यांच्या तऱ्हा असा विषय घेऊन शब्द गुंफतो. शिकवण्याची हातोटी त्याच्याकडे कॉकेरमपेक्षा कितीतरी जास्त आहे. संस्कृत धातूंवरून शब्द फोडायची सवय असलेल्या मराठी वाचकाला ती विशेष भावते.

ओ’कॉनरचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यातून काढलेला अर्थ कच्चा होता. वरच्या पदावरील लोकांकडे जास्त शब्द असतात, कारण ते बहुधा पुस्तकांच्या घरात वाढलेले, कॉलेजात शिकलेले आणि दिवसभर अहवाल वाचणारे लोक असतात. शब्द हे त्या आयुष्याचे माप झाले. माप वाढवल्याने आयुष्य वाढत नाही. वीस पुस्तके वाचताना सहज जमलेले पाचशे शब्द आणि एका यादीवरून घोकलेले पाचशे शब्द चाचणीत सारखेच गुण मिळवतात, पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गोष्टी सारख्या नसतात. चाचणीचा गोंधळ हाच आहे: जोवर कोणी तिची तयारी करत नाही तोवर ती बऱ्यापैकी खरे सांगते, आणि तिच्यावर काही अवलंबून आहे असे कळताच लोक तयारी करू लागतात. १९२६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या लावणे हे प्रकार सुरुवातीपासून होते. जोड्यांतला एक प्रश्न पुढे फार गाजला: धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, तेच नाते असलेली जोडी निवडा. उत्तर होते वल्हवणारा आणि ‘रेगाटा’, म्हणजे नौकास्पर्धा. ज्यांच्या ओळखीपाळखीत कोणी नौकास्पर्धांना जाते त्यांना हा शब्द फुकट मिळालेला होता. बाकीच्यांना तो यादीतून विकत घ्यावा लागे. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी एका खासगी शाळेत बारा वर्षांची मुले तासन्‌तास अशा जोड्या लावण्याचा सराव करताना पाहिली आणि जाहीर भाषणात ही परीक्षा प्रवेशासाठी नकोच असे सुचवले. विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्येच गेले होते. २००५ मध्ये जोड्या गेल्या, आणि २०१६ च्या नव्या आराखड्यात सुटे, दुर्मीळ शब्द विचारणे जवळपास संपले. जीआरई परीक्षेनेही २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार सोडले.

भारताचा या इतिहासाशी संबंध दोन टोकांनी येतो. एक टोक ढाक्यात आहे. मायकेल वेस्ट हा तिथला शिक्षणाधिकारी. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज जास्त आहे आणि नेमके तेच त्यांना जमत नाही, हे त्याने १९२० च्या दशकात पाहिले. त्याला कारण सापडले ते वाचनपुस्तकांत. ती जुन्या, वाङ्मयीन, क्वचितच भेटणाऱ्या शब्दांनी भरलेली होती आणि नवे शब्द इतके दाट येत की पान पुढे सरकत नसे. वेस्टने दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घालून, नव्या शब्दांची दाटी कमी करून पुस्तके पुन्हा लिहिली. त्याच विचाराच्या पोटी १९५३ मध्ये त्याची सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. अवघड शब्दांच्या बाजाराला दिलेले हे सर्वांत गंभीर उत्तर होते, आणि ते वसाहतीतल्या वर्गखोलीतून आले. वेस्टच्या यादीचे गुणगान भाषाशिक्षणाच्या ग्रंथांत होते. आपल्या फुटपाथवर मात्र लुईस विकला जातो. याची एक बाजू समजण्यासारखी आहे. इंग्रज मुलाला इंग्रजीचा खालचा मजला घरात मिळतो आणि वरचा शाळेत. मराठी मुलाला दोन्ही मजले शाळेतच भेटतात. त्याला दोन्हींचे शब्द सारखेच परके. तेव्हा मेहनत करायचीच तर साध्या शब्दापेक्षा वजनदार शब्दावर का करू नये, असे त्याला वाटले तर त्यात मूर्खपणा नाही. मोजून पाहिले तर मात्र हा हिशेब तोट्याचा निघतो, कारण वेस्टचे दोन हजार शब्द कोणत्याही पानावर पुन्हा पुन्हा भेटतात आणि यादीतला वजनदार शब्द वर्षातून एकदा.

यावर सर्वांत जोरकस हरकत अशी की, ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक नाही, ज्याच्या कानावर इंग्रजी पडत नाही, त्याला ‘वाचनातून शब्द मिळवा’ हा सल्ला म्हणजे चेष्टाच आहे. यादी निदान सर्वांना सारखी. शिवाय यादी पाठ करून शब्द लक्षात राहतात, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनीही दाखवले आहे. चिठ्ठ्यांवर शब्द-अर्थ लिहून ठरावीक अंतराने उजळणी केली तर थोड्या वेळात बरेच पदरी पडते. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. कॉड्रीच्या बायकांसाठीही यादी हाच एकमेव मार्ग होता. पण कॉड्रीची यादी रविवारच्या प्रवचनाशी जोडलेली होती. शब्द यादीत पाहिला की तो पुढच्या आठवड्यात कानावर पडण्याची शक्यता होती आणि तेव्हा त्याचा अर्थ पक्का होई. शब्द पाठ करणे वाईट नाही. पाठ केलेला शब्द पुन्हा कुठेच न भेटणे वाईट. पाठांतराला आपली परंपरा कमी लेखत नाही, आणि अमरकोश पाठ करणाऱ्या पोरालाही पुढे काव्य वाचायचे असे. काव्याशिवाय नुसता अमरकोश हा प्रकार मात्र आपल्याकडे इंग्रजीच्या बाबतीत सर्रास चालतो.

दुसरे टोक म्हणजे आपल्या स्पर्धा परीक्षा. सॅटने सुटे शब्द सोडले, जीआरईने जोड्या सोडल्या. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर पातळीवरील परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी आणि शब्दसमूहासाठी एक शब्द हे प्रश्न आजही आहेत. पोस्टाची तिकिटे जमवणारा, झोपेत चालणारा, अनेक भाषा जाणणारा यांसाठीचे इंग्रजी शब्द पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये दरवर्षी हजारो मुले घोकतात. त्यांतला कोणता कारकून पुढे कोणत्या टिपणीत झोपेत चालणाऱ्या माणसाचा उल्लेख करणार आहे, हे आयोगालाच ठाऊक. परीक्षकांना हे कळत नसेल असे नाही. पण लाखो उमेदवार बसतात तिथे उताऱ्याचा सारांश लिहायला सांगितला तर तो वाचायला माणसे लागतात आणि दोन परीक्षकांचे गुण जुळले नाहीत तर कोर्टकज्जे होतात. एका शब्दासमोर चार पर्याय ठेवले की संगणक काही क्षणांत निकाल लावतो आणि वादाला फारशी जागा उरत नाही. अमेरिकेत दुर्मीळ शब्द विचारणे थांबले तेव्हाही पर्यायांची पद्धत थांबली नाही. पर्याय उताऱ्यातल्या शब्दाच्या संदर्भातल्या अर्थावर नेले गेले, आणि असा प्रश्न तयार करायला यादीतून शब्द उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि पैसा लागतो. तो खर्च आपल्याकडे अजून परीक्षा घेणाऱ्याच्या खात्यावर पडलेला नाही. तो उमेदवाराच्या खात्यावर, त्याच्या वर्ष-दोन वर्षांच्या पाठांतरात मांडला जातो.